चाळीस कठडे, एक सही

माझ्या लग्नाच्या बोलणीत वडिलांनी मुलाकडच्यांना सांगितलं होतं, "मुलगी केमिस्ट आहे." सासूबाईंना ते फार आवडलं. लग्नानंतर महिन्याभरात त्यांनी मला गुडघेदुखीवर कुठली गोळी चांगली ते विचारलं, तेव्हा कुठे उलगडा झाला की त्यांच्या मते मी औषधाच्या दुकानात बसत होते.

"मग तू करतेस तरी काय?"

"लोखंडाला जस्त चढवतो आम्ही. गंजू नये म्हणून."

"म्हणजे कल्हई."

कल्हई कथलाची असते, ती भांड्याला आतून करतात आणि दर काही महिन्यांनी पुन्हा करावी लागते, हे सगळं समजावून सांगायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांचा चेहरा इतका समाधानी दिसत होता की मी म्हटलं, "हो, तसंच काहीसं." त्या पुढे शेजारपाजारी सांगत, आमची सून अंबडला कल्हईच्या कारखान्यात आहे.

तर त्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं काढली. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, सिडकोतल्या आमच्या घरापासून मोपेडवर दहा मिनिटांवर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी रुजू झाले तेव्हा दीडशे माणसांत मी एकटी बाई होते. माझी जागा प्रयोगशाळेत. प्रयोगशाळा म्हणजे मोरीएवढी खोली, दोन ब्युरेटा, एक तराजू आणि मोरचुदाची बरणी. जस्त चढवलेल्या लोखंडाचा तुकडा मोरचुदाच्या पाण्यात एक-एक मिनिट चारदा बुडवायचा. चौथ्या बुडवणीनंतरही त्यावर तांब्याचा लाल थर चिकटला नाही तर काम पास. थर चिकटला की जस्त तिथे पातळ आहे असं समजायचं.

आमचं काम परक्या माणसाला सांगायला तसं सोपं आहे. लोखंड येतं ते तेलकट, गंजकं. ते आधी कॉस्टिकमध्ये धुवायचं, मग ॲसिडच्या टाकीत टाकून गंज उतरवायचा, पाण्यातून काढायचं, मग नवसागराच्या पाण्यातून काढून वाळवायचं आणि शेवटी वितळलेल्या जस्तात बुडवायचं. जस्ताची टाकी खोलीएवढी लांब, पुरुषभर खोल. आम्ही तिला बाथ म्हणायचो. आत साडेचारशे अंशांवरचं जस्त चोवीस तास, सणवारीसुद्धा, वितळलेलं ठेवायचं, कारण एकदा ते थिजलं तर टाकीच वाया. लोखंड आत गेलं की जस्त त्याला नुसतं चिकटत नाही. दोघं एकमेकांत मिसळतात, थरावर थर तयार होतात. म्हणून रंगासारखा त्याचा पोपडा उडत नाही. आणि पुढे कुठे ओरखडा पडलाच, तर जस्त आधी स्वतः झिजतं आणि आतल्या लोखंडाला बराच काळ सांभाळतं. हे पुस्तकात वाचलं होतं, पण पटलं ते काशिनाथदादांमुळे.

काशिनाथ गावित हे बाथवरचे मुख्य कारागीर. सुरगाण्याकडचे. गावात भात आणि नागली, म्हणून पावसाळ्यात सुट्टी टाकून लावणीला जाणार आणि दिवाळीनंतर कापणी-झोडणीला पुन्हा जाणार. शिक्षण चौथी. पण लोखंड जस्तात गेल्यावर जी खदखद सुरू होते, ती ऐकून ते सांगत, "अजून नाय झालं." मग थोड्या वेळाने, "आता झालं." मी घड्याळ लावून आणि नमुने तपासून पाहिलं. माझ्या घड्याळापेक्षा त्यांचा कान बरोबर निघायचा.

सुरुवातीला बाईमाणसाने शॉपवर, म्हणजे बाथच्या शेडमध्ये, यायचं नाही असा आमच्या मॅनेजरांचा, सोमण साहेबांचा दंडक होता. मी नमुने नापास करायची आणि कारण शोधायला बाथपर्यंत जाता यायचं नाही. एके दिवशी काशिनाथदादाच खोलीच्या दारात आले.

"ताई, तुम्ही इथं बसून आमाला नापास करता. तिथं येऊन बघा ना, काय चुकतं ते."

"साहेब रागावतील."

"मी बोलवलं म्हणून सांगा. माझ्यावर रागावले तर साहेबांकडं बाथवर दुसरा माणूस नाय."

त्या दिवसापासून मी बाथवर जाऊ लागले. साहेबांनी आधी दोन-चार दिवस पाहून न पाहिल्यासारखं केलं, मग मला एक हेल्मेट दिलं.

पुढे एक जबाबदारीही मिळाली, ती नांदगावकडच्या एका गुरुजींमुळे. प्रजासत्ताक दिनाच्या आधी ते टेम्पोत शाळेचा झेंड्याचा खांब घेऊन आले. गावच्या वेल्डरने मन लावून केलेला. वर गोळा वेल्ड केलेला, खाली जाड पट्टी वेल्ड केलेली, दोन्ही टोकं बंद. काशिनाथदादांनी तो बोटाने वाजवला आणि म्हणाले, "हा आत जाणार नाय. भोकं पाडावी लागतील."

गुरुजी चिडले. "झेंड्याच्या खांबाला भोक? पोरांना काय तोंड दाखवू मी?"

"गुरुजी, कुकरची शिट्टी काढली आन् भोक बुजवून गॅसवर ठेवला तर काय होईल?"

"फुटेल."

"मग? ह्याच्या आत हवा हाय, वेल्डिंगच्या फटीतून ॲसिडचं पाणी शिरंल. जस्तात गेल्या गेल्या त्याची वाफ. ह्याला शिट्टी नको का?"

गुरुजींनी बराच विचार केला. शेवटी पाहुण्यांच्या खुर्च्या मांडतात त्याच्या उलट बाजूला, गोळ्याच्या खाली एक आणि तळाच्या पट्टीत एक, अशा दोन भोकांना त्यांनी परवानगी दिली. भोक पाडताना ते स्वतः ड्रिलपाशी उभे होते आणि दोन्ही वेळा त्यांनी डोळे मिटून घेतले. खांब मात्र असा चांदीसारखा निघाला, की ते टेम्पोत मागे त्याच्याजवळच बसून गेले.

त्यानंतर साहेबांनी ठरवलं की आलेल्या मालाची भोकं तपासून मालासोबतच्या कार्डावर सही करायला एक जबाबदार माणूस हवा. काशिनाथदादांनी माझं नाव सुचवलं. प्रयोगशाळेतल्या बाईला आवारातलं काम द्यायचं की नाही, यावर साहेबांनी दोन महिने घातले. शेवटी दिलं. मला इतका आनंद झाला की घरी जाताना पेढे घेतले. सासूबाईंना सांगितलं, बढती मिळाली.

हे सगळं इतकं लांबण लावून सांगतेय, कारण पुढचं सांगायला अजूनही जड जातं.

त्यानंतर तीनेक वर्षांनी एका पुलाच्या कठड्यांचं काम आलं. पाइपचे चाळीस कठडे. प्रत्येक कठड्याला दोन उभे खांब आणि तीन आडवे पाइप. आडवा पाइप उभ्याला जिथे मिळतो तिथे प्रत्येक सांध्याजवळ भोक हवं. म्हणजे एका कठड्यात सहा आडव्या सांध्यांपाशी, शिवाय उभ्या खांबांना वर-खाली. मी तपासायला बसले. पहिला ठीक, दुसरा ठीक. आठवा झाला तेव्हा तीन वाजले होते. चार वाजता मुलीच्या शाळेत गणेशोत्सवाचा कार्यक्रम होता आणि ती पहिल्यांदाच नाचणार होती. एकाच वेल्डरचं एकसारखं काम, आठही बिनचूक. मी कार्डावर लिहिलं, 'चाळीस नग, भोकं तपासली', सही केली आणि मोपेडला किक मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी बाथच्या पायऱ्यांपाशी नमुना घ्यायला उभी होते. होइस्ट, म्हणजे छताखालची विजेची यारी, कठडा आडवा उचलून थोडा तिरपा करून जस्तात उतरवत होती. होइस्टची बटणं काशिनाथदादांच्या हातात. कठड्याचं एक टोक खाली गेलं आणि मधल्या पाइपाशी कठडा एकदम वर उचलला गेला, पाण्यात दाबलेला तांब्या उसळतो तसा. पोकळ, बंद पाइप जस्तावर तरंगतो. हे मला माहीत होतं आणि त्यांनाही.

"मागं व्हा! सगळे मागं!" ते ओरडले.

जस्तावर साचणारी राख काढणारी दोन माणसं पळाली. मीही पळाले. काशिनाथदादा पळाले नाहीत, कारण बटण सोडलं असतं तर होइस्ट तिथेच थांबला असता आणि कठडा आतच राहिला असता. ते त्याला वर ओढत होते. कठडा जवळजवळ बाहेर आला होता तेव्हा पाइप फुटला. आवाज असा झाला की शेजारच्या कारखान्यातली माणसं रस्त्यावर आली. जस्ताचा फवारा उडाला. बहुतेक छताला आणि भिंतीला लागला. उरलेला त्यांच्या डाव्या हातावर आणि कानामागे.

मी धावत गेले तेव्हा ते बाथलगतच्या फलाटावर बसले होते. हातमोज्याच्या वर, कोपरापर्यंत कातडीला जस्ताचे पांढरे ठिपके चिकटलेले. ते म्हणाले, "आत कोणी नाय ना राहिलं?"

त्यांना दवाखान्यात नेल्यावर मी तो कठडा पाहायला गेले. मधल्या आडव्या पाइपला भोकं नव्हती. एकाही टोकाला नाही. चाळिसांतला हा एकच तसा होता. वेल्डर विसरला होता. आणि मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेब जबाब घ्यायला दवाखान्यात गेले. मलाही सोबत नेलं. मी रात्रभर वाक्यं जुळवली होती. साहेबांनी कागद काढला आणि विचारलं, "काशिनाथ, काम लावण्याआधी तू भोकं पाहिली होतीस?"

ते माझ्याकडे बघत होते. मी सलाइनच्या बाटलीकडे.

"काम मी लावलं साहेब. बघायचं माझं राहिलं," ते म्हणाले.

साहेबांनी तसं लिहिलं. काशिनाथदादांनी उजव्या हाताने सही केली. जुळवलेल्या वाक्यांतलं एकही तोंडातून बाहेर पडलं नाही. मनात एवढंच आलं, की आता बोलले तर पुन्हा त्या मोरीएवढ्या खोलीत जाईन, आणि माझ्यानंतर कुठल्याच बाईला हे लोक बाथजवळ फिरकू देणार नाहीत. दुसरं कारण मी स्वतःला फार मोठं करून सांगितलं. खरं कारण पहिलंच होतं.

ते बरे व्हायला गावी गेले. आठवड्याभराने कळलं, की कामावर परत आल्यावर त्यांना बाथवरून काढून ॲसिडच्या टाकीवर टाकणार आहेत. ज्या माणसाला जस्ताची भाषा येते, त्याला आता दिवसभर ॲसिडच्या वाफेत उभं करणार होते. त्या दिवशी डबा उघडला आणि तसाच बंद केला. सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, भोकं मी तपासली नव्हती. चाळिसांतले आठ पाहिले आणि चाळिसांवर सही केली."

साहेबांनी दार लावून घेतलं. "मिसेस पाटणकर, त्याने कबूल केलंय. फाइल बंद झाली आहे. तुम्ही कशाला उघडताय?"

"कारण ते खोटं आहे."

"तुम्हाला शॉपवर पाठवण्याचा निर्णय माझा होता. वर मला लोक काय म्हणतील, कळतंय का?"

"कळतंय. मी लेखी देते."

त्यांनी माझा कागद दोन दिवस ड्रॉवरमध्ये ठेवला. तिसऱ्या दिवशी काशिनाथदादांवरचा ठपका मागे घेतला आणि मला आवारातून काढलं. पुन्हा ब्युरेटा आणि मोरचूद. माणसं माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलू लागली. त्यात त्यांची चूक नव्हती.

रविवारी मी सुरगाण्याला गेले. जीपमध्ये मागे कोंबून बसून, पुढे दोन मैल चालत. पाऊस सरत आला होता, भात पोटरीत होतं, कणसं बाहेर पडायची होती. काशिनाथदादा ओट्यावर बसले होते, हात गळ्यात बांधलेला. मला पाहून ते गडबडून उठले. त्यांच्या बायकोने, मंजुळाबाईंनी, पाणी दिलं, चुलीवर नागलीची भाकरी टाकली. साहेब लोकांकडची बाई एवढ्या लांब विचारपूस करायला आली, याचं त्यांना कौतुक वाटत होतं. ते मला सहन होईना.

मी त्यांना सांगितलं. माझी सही, आठ कठडे, मुलीचा नाच, दवाखान्यात गप्प बसणं, सगळं.

मंजुळाबाई चुलीपुढून उठल्या. आधी नवऱ्याला त्यांच्या आदिवासी कोकणा बोलीत भराभर काहीतरी बोलल्या. मला त्यातलं निम्मंच कळलं. मग माझ्याकडे वळून, मला कळेल अशा मराठीत म्हणाल्या, "दोन बोटं वळत नाय त्याची. कापणीला मूठ कशी धरंल? तुमची पोरगी नाचली ना? बरी नाचली?"

"मंजुळा," काशिनाथदादा म्हणाले, "बास."

"बास कसं? तू तिच्यासाठी खोटं बोलला आन् मला सांगितलंबी नाय."

त्या आत गेल्या. भाकरी तव्यावर करपली. काशिनाथदादा मला जीपच्या रस्त्यापर्यंत सोडायला आले. चालता चालता म्हणाले, "कार्ड तुमच्या हातात होतं ताई, पण हूक माझ्या हातात होता. मीबी बघू शकलो असतो. कार्ड बघितलं, सही बघितली, पाइप नाय बघितला."

"पण तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

"तुमाला तिथं मीच बोलावलं होतं ना."

महिन्याभराने ते कामावर आले. बाथवरच. पहिल्याच दिवशी नवीन तपासनिसाची सही असलेलं कार्ड त्यांनी परत पाठवलं. साहेब खाली आले.

"काय झालं? सही आहे की."

"ताईंची पायजे."

"काशिनाथ, तिच्यामुळेच तुझा हात..."

"म्हणूनच साहेब. ज्या माणसाचं एकदा चुकलं आन् ज्यानं ते कबूल केलं, त्याच्याकडून परत चुकणार नाय. ह्या नव्या पोरांचं अजून चुकायचंय."

त्यांनी तीन दिवस तसंच केलं. माल साचला, ट्रकवाले ओरडू लागले. चौथ्या दिवशी साहेबांनी मला बोलावून हेल्मेट परत दिलं.

मी परत गेले ती एक गोष्ट ठरवून. नुसतं डोळ्यांनी पाहून सही करायची नाही. प्रत्येक भोकात बारीक तार घालायची आणि ती आतच लोंबकळत ठेवायची. लोंबणारी तार दिसली तरच काम बाथपाशी यायचं. तार काढायचं काम काशिनाथदादांचं. तीनशे भोकं असली तर तीनशे तारा. माणसं हसायची, माझ्या कामाला 'ताईंची झालर' म्हणायची. पण त्यानंतर आमच्याकडे एकही पाइप फुटला नाही. माझ्या मोपेडच्या डिकीत आणि पर्समध्येही कायम तारेचे तुकडे असायचे.

बोटं काही पूर्वीसारखी वळली नाहीत. राख ओढायचं फावडं ते उजव्या हातानेच धरत. कापणीच्या सुट्टीवरून आले की मी विचारायची, "मूठ धरता आली का?" ते म्हणायचे, "धरली की. मंजुळानं जास्त धरली." मंजुळाबाईंना मी वर्षानुवर्षं निरोप पाठवत राहिले. उत्तर कधी आलं नाही.

नवं शतक सुरू होऊन बरीच वर्षं झाल्यावर काशिनाथदादा निवृत्त झाले. तेव्हा सोमण साहेबही कारखान्यात राहिले नव्हते, आणि मी गुणवत्ता विभागाची प्रमुख होते. निरोपाच्या दिवशी मंजुळाबाई आल्या. आयुष्यात पहिल्यांदाच कारखान्यात येत होत्या. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. त्यांनाही दोन शब्द बोलायचा आग्रह झाला. त्यांनी मान हलवून नकार दिला. मग माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "तो कुठं उभा राहायचा, ते दाखवा."

मी त्यांना हेल्मेट घातलं आणि फलाटावर घेऊन गेले. खाली जस्ताचा आरसा होता. नुकतीच राख ओढली होती, त्यामुळे छतावरचे पत्रे त्यात स्वच्छ दिसत होते. मी जागा दाखवली. त्या बरोबर तिथे जाऊन उभ्या राहिल्या. गरम झळ तोंडावर येत होती, पण मागे सरल्या नाहीत.

"रोज इथं?"

"रोज."

"आन् त्या दिवशी तुम्ही कुठं होत्या?"

मी पायऱ्यांपाशी बोट दाखवलं. त्यांनी तिथून स्वतःपर्यंतचं अंतर नजरेने मोजलं. पंधरा-वीस पावलं असेल.

"लय जवळ होत्या की तुम्हीबी," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांत मी याचा असा विचार कधी केला नव्हता. डोळे भरून आले. त्यांनी पदराने माझा नाही, आपलाच चेहरा पुसला आणि पायऱ्या उतरू लागल्या. खाली काशिनाथदादा शाल खांद्यावर टाकून उभे होते, हातात नारळ आणि सामानाची पिशवी. मंजुळाबाईंनी पिशवी त्यांच्याकडून काढून घेतली. गाडीची वेळ झाली होती.

दारापाशी गेल्यावर काशिनाथदादा थबकले. आतून होइस्टचा आवाज आला होता. नवीन कारागिराने पुढचं काम उचललं होतं आणि ते बाथच्या अलीकडे टांगून तो माझ्या खुणेसाठी थांबला होता.

"आता काय बघतो मागं? चल," मंजुळाबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, तुम्ही जा आत. माणसं खोळंबली तुमची."

मी आत गेले. टांगलेल्या कामाभोवती एक चक्कर मारली, एकेका सांध्याशी थांबून. मग मागे सरले आणि हात वर केला.